सविताचा चौकोन

ऐकताय ना? वरवंडच्या एका घरात, पडवीच्या भिंतीला ठोकून बसवलेला मी टॅब बोलतोय.

अपेक्षाच्या ऑनलाइन शाळेसाठी मला इथं आणलं. शाळा पुन्हा भरल्या, अपेक्षा दौंडला कॉलेजात जाऊ लागली आणि मी कपाटात साड्यांखाली दबून राहिलो. तिथून मला बाहेर काढलं तिच्या आईनं, सवितानं.

सविताला जुन्या रहस्यपटांचं वेड. काळीपांढरी चित्रं, धुक्यातला बंगला, जिन्यावर वाजणारी पावलं. लग्नानंतर ते सगळं सुटलं होतं. अपेक्षानं तिला एक गट शोधून दिला. रविवारी दुपारी पुण्या-नागपूरपासून दुबईपर्यंतची माणसं आपापल्या घरी बसून एकच सिनेमा एकाच वेळी बघायची. कडेला चौकोनाचौकोनांत त्यांचे चेहरे. गट चालवणारे नागपूरचे एक निवृत्त सर. शेवटाच्या जरा आधी ते सिनेमा थांबवत आणि विचारत, "बोला मंडळी, खुनी कोण?"

सविताचा नवरा सतीश कंपनीत कामाला. त्याची सुट्टी गुरुवारी. बायको रविवारी सिनेमा बघते, एवढंच त्याला ठाऊक. सासू शेवंताबाई मात्र पहिल्याच रविवारी येऊन बसल्या. डोक्यावर पदर ओढून, माझ्या कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं. सविता त्यांना हळू आवाजात गोष्ट सांगत जाई.

"नवरा मरून पडलाय आन् ही बया चहात साखर ढवळतीय," शेवंताबाई एकदा म्हणाल्या. "हिनंच मारला, बघ."

सवितानं ते गटावर सांगितलं. सगळे खो खो हसले, आणि निघालंही तसंच. तेव्हापासून सर दर वेळी विचारायचे, "सासूबाईंचं काय मत?" शेवंताबाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. या घरात सासू-सुना अशा एकत्र हसलेल्या मी दुसऱ्या कशावर पाहिल्या नाहीत.

मग सरांनी सगळ्या चौकोनांचा फोटो फेसबुकवर टाकला. 'आमची रविवारची टोळी.' सविता त्यात मनापासून हसत होती. फोटो पाहताच तिनं माझ्यावरूनच गटाला निरोप लिहिला, 'सर, तो फोटो काढा ना. घरी अडचण होईल.'

'अहो ताई, किती छान आलाय! सगळ्यांना आवडलाय,' सरांचं उत्तर आलं. खाली हसरे चेहरे. फोटो राहिला तिथंच.

सतीशचा चुलतभाऊ बाळासो यानं तो स्टँडवर चार जणांत दाखवला. गुरुवारी सतीशनं मला सवितासमोर आपटलं.

"कोण हायेत ह्ये गडी?"

"आवं, समदे मिळून सिनेमा बघतो. आत्याबी असत्यात की माझ्याजवळ. इचारा त्यास्नी."

शेवंताबाई शेंगा फोडत होत्या. सतीशनं विचारलं, "व्हय, आई?"

एक शब्द पुरला असता. पण लेकाच्या कपाळावरची शीर तटतटलेली त्यांनी पाहिली.

"मला काय म्हाईत, बाबा," त्या म्हणाल्या. "मी आपली दुपारची पडून आसते."

सवितानं त्यांच्याकडे पाहिलं. सतीशनं हात उचलला नाही, हे खरं. "आजपास्नं बंद," एवढंच म्हणाला आणि मला पेटीवर उपडं ठेवून दिलं.

मी चालूच होतो. रविवारी गटावर एकानं विचारलं, 'ताई दिसत नाहीत आज?' दुसऱ्यानं लिहिलं, 'लग्नसराई आहे, गेल्या असतील कुठंतरी.' पुढच्या रविवारी तेवढंही कुणी विचारलं नाही. हरवलेल्या बाईचा हातमोजा कुठल्या खुर्चीवर पडला होता, यावर ही माणसं तासभर वाद घालत. सविताचा निरोप तिथंच वर होता. कुणी बोटानं थोडं सरकवलं असतं, तर दिसला असता. सरांनी नव्या सदस्यांचं स्वागत केलं. तिच्या चौकोनात कोणी वेगळंच बसू लागलं.

कुणाच्या तरी विहिरीवरची मोटर चोरीला गेली, तेव्हा सतीशनं घराभोवती कॅमेरे लावले आणि मला भिंतीला ठोकलं. गट पुसून टाकला. आता माझ्यावर चार चौकोन दिसतात. फाटक, गोठा, कांद्याची चाळ, अंगण. अंगणाच्या चौकोनात सविता बादली घेऊन जाते, धुणं वाळत घालते. कंपनीतून सतीश मोबाईलवर हेच बघतो.

मध्यंतरी एका रविवारी शेवंताबाई तिच्यामागं पडवीत आल्या. बराच वेळ घुटमळल्या.

"सविता, त्या शेवटच्या शिनेमात म्हाताऱ्याला कुणी गं मारला? माझा डोळा लागला व्हता."

डोळा लागला नव्हता. दोघींनी तो शेवटपर्यंत बघितला होता. शेवंताबाईंना फक्त बोलायचं होतं.

सविता कपड्यांच्या घड्या घालत राहिली. "कुणी न्हाई, आत्या. आपला आपण मेला."

शेवंताबाई आत गेल्या.

वाचणाऱ्यांनो, माझं एक ऐका. रविवारी तुम्हीही असे कुठं जमत असाल आणि एखादा चेहरा दिसेनासा झाला, तर सिनेमा जरा थांबवा, फोन लावा. इथं कुणी लावला नाही. भिंतीवरून मी दिवसभर तिला दाखवत असतो. ती माझ्याकडे मान वर करून बघत नाही.