खांब वाजवून पाहिलेला हातोडा

मी हातोडा बोलतोय. खिळे ठोकणारा नव्हे, खिळा कुणीही ठोकतं. मी लाकूड वाजवून बघणारा. ओंडक्याच्या एका टोकाला मला मारायचं आणि दुसऱ्या टोकाला कान लावायचा. लाकूड निरोगी असलं तर खणखणीत बोलतं. आतून सडलेलं असलं तर भद्द करतं, ओल्या पोत्यासारखं. एवढीच माझी विद्या. पण ती पक्की.

मला घडवलं वखारीतल्या मिस्त्रीनं. मोडक्या गाडीच्या आसाचा तुकडा लोहाराकडून ठोकून घेतला, दांडा स्वतः तासला आणि मला नव्या मालकाच्या हातात दिलं. मालक तेव्हा चोविशीतला. बाप नुकताच गेलेला, करवत सुरू झाली की हा दचकायचा. मिस्त्री म्हणाला, "मालक, करवत आम्ही चालवू. तुम्ही फक्त ऐकायला शिका. डोळा फसतो, कान फसत नाही."

शिकला. कौतुक करायची मला सवय नाही, पण शिकला. मिस्त्री ह्या टोकाला मला मारी, हा त्या टोकाला उकिडवा बसून कान लावी. कानात भुसा, गालाला चीक. पुढं पुढं तर दिसेल ते वाजवायला लागला. सासुरवाडीला पहिल्यांदा गेला तर दाराची चौकट वाजवून सासऱ्याला म्हणाला, "वाळवी आहे." बायकोनं ते त्याला जन्मभर ऐकवलं. वखारीत सगळे पाठीमागं त्याला टकटक्या म्हणत.

एकदा दारात आलेली अख्खी गाडी त्यानं परत धाडली. माल दिसायला देखणा, पण सात ओंडके भद्द बोलले. गाडीवाला म्हणाला, "शेठ, वरून रंग दिला की कोण बघतंय?" मालक म्हणाला, "ज्याच्या डोक्यावर छप्पर पडेल तो बघेल." मिस्त्री त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवला असेल.

असल्या माणसाला लोक उभं करणारच. निवडणुकीत तो मला हातात धरून भाषण करायचा. म्हणायचा, "आपल्याकडे पोकळ काही चालत नाही." लोकांनी भरभरून मतं दिली. वखार मुलाकडे गेली, मालकाचा साहेब झाला आणि मी नगरपालिकेच्या सभागृहात अध्यक्षाच्या टेबलावर आलो. तिथं आरडाओरडा झाला की साहेब मला टेबलावर आपटायचा. गप्प बसा, म्हणून. ते टेबल तरी कसलं? भुसा दाबून केलेली फळी, वर चकचकीत कागद. तिला आवाजच नाही. ज्याला ऐकण्यासाठी घडवला, त्याच्याकडून लोकांची तोंडं बंद करून घेतली. पण माझं कोण ऐकतंय.

मग नदीवर लाकडी पूल झाला. पलीकडच्या कारखान्यात जाणाऱ्यांची सोय. खांब आमच्याच वखारीतले, मुलानं पुरवलेले. उद्घाटनाला आठ दिवस उरले असताना मिस्त्री सभागृहात उभा राहिला. म्हातारा झाला होता, वखारीतून मुलानं त्याला काढलंच होतं. सगळे साहेब म्हणायचे, हा अजून मालकच म्हणे.

"मालक, पुलाचा तिसरा खांब पोकळ आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. हातोडा तुमच्यासमोर आहे. चला, एक ठोका मारा."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, काम सुटल्यापासून तुम्हाला सगळंच पोकळ ऐकू येतंय." सभागृह हसलं.

साहेबानं मला उचललं. मला वाटलं, निघालो. त्यानं मला टेबलावर आपटलं. "खाली बसा, मिस्त्री."

आता पुढचं ऐका. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला कोटाच्या खिशात घालून एकटाच पुलाखाली उतरला. बूट चिखलात. तिसऱ्या खांबाला कान लावला आणि मला मारलं. भद्द. कान थोडा वर सरकवला, पुन्हा मारलं. भद्द. तिसऱ्यांदा इतकं हळू मारलं, की जणू त्या लाकडाच्या पाया पडत होता. लाकूड काय करणार? जे होतं ते बोललं.

त्यानं रुमालानं गाल पुसला. घरी बायकोनं विचारलं, "कुठं गेला होतात?"

"फिरायला."

"हातोडा घेऊन?"

तो जेवायला बसला. ठरल्या दिवशी पुलाची फीत कापली.

पूल दोन वर्षं टिकला. मग एका सकाळी, पाळी सुटायच्या वेळेला, नदी फुगलेली असताना तिसरा खांब गेला आणि त्याच्यामागं बाकीचे. नऊ माणसं गेली. मिस्त्री स्वतः कधी त्या पुलावरून गेला नाही, लांबच्या रस्त्यानं जायचा. त्याचा जावई मात्र म्हणायचा, "मामा, तुमच्या कानांपायी मी दोन मैल जास्त चालू होय?" नवांत तो होता.

तेराव्या-चौदाव्या दिवशी मिस्त्री साहेबाच्या घरी आला. बसला नाही. मी मेजावर होतो. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मालक, एकच विचारतो. नंतर तरी वाजवून पाहिलं होतंत का?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नाही."

"मग बरं," मिस्त्री म्हणाला. "मनात आलं होतं, वाजवूनही गप्प बसला असाल. मन मेलं फार वाईट." आणि काठी टेकत गेला. उभा जन्म लाकडं पारखलेला माणूस, पण माणसाचा शब्द कुठल्या टोकाला कान लावून ऐकायचा, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी मेजावर नुसता पडून. मला कुणीतरी मारल्याशिवाय बोलता येत नाही, हे माझं दुखणं.

साहेब त्यानंतर दोनदा निवडून आला. मला मात्र त्यानं पुन्हा हात लावला नाही. शेवटी अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं बोट खाटेच्या फळीवर टकटक करायचं. बायको ते बोट मुठीत धरून बसायची. सोडलं की पुन्हा सुरू.

आता तो नाही, मिस्त्रीही नाही. मी सभागृहाच्या दाराशी काचेच्या पेटीत आहे. खाली पितळी पाटी: 'साहेबांनी ह्याच हातोड्याने जनतेचा आवाज ऐकला.' शाळेची पोरं येतात, पाटी वाचतात, काचेवर बोटांचे ठसे सोडून जातात.

नदीवर नवा पूल उभा राहतोय. खांब पुन्हा त्याच वखारीतले आहेत, गडी बोलताना मी ऐकलंय. काच फोडा, किल्ली शोधत बसू नका. मला नेऊन प्रत्येक खांबावर एकेक ठोका मारा, आणि दुसरीकडून कुणीतरी कान लावा. पाटी काय वाट्टेल ते म्हणू दे. मला खोटं बोलता येत नाही. फक्त ऐकल्यावर घरी जाऊन गुपचूप जेवायला बसू नका.