दिवसाची लाईन

माझ्यासारख्या दुकानात बसणाऱ्याला माणसाचा भाव लवकर कळतो. धामणगाव बढ्यात पंजाबरावांचा भाव तीन वर्षांपूर्वी एका दिवसात चढला. त्यांचा धम्मरत्न परीक्षा देऊन दिल्लीत मंत्रालयात लागला. हवामान, वीज आणि उद्योग, तिन्ही कारभार त्या एकाच मंत्रालयाकडे, असं गावाने धरून घेतलं. विहारात सत्कार झाला. जन्मभर त्यांना ‘ए पंजाब’ म्हणणारे मोठे शेतकरी दुसऱ्या दिवसापासून ‘पंजाबभाऊ’ म्हणू लागले.

मग मागण्या सुरू झाल्या. कोणाला डाळमिलचं अनुदान हवं, कोणाला वावरात विजेची डीपी. एकाने तर गारपीट थांबवता येते का, हेही विचारून पाहिलं. पंजाबराव कोणालाच नाही म्हणत नसत. “सांगतो त्याले,” एवढंच म्हणत.

धम्मरत्नने पहिल्याच वर्षी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “बाबा, मी पाहुण्यांच्या बैठका लावतो. कोन कुठं बसन ते पाहतो. विजेची लाईन माह्या हातात नाही.” हे पंजाबरावांनी कोणाच्या कानावर घातलं नाही. भाव चढलेला माणूस आपलं वजन कशाला कमी सांगेल?

त्यांच्या शेताच्या धुऱ्याला धुरा लागून गणेशचं वावर. शेतपंपाची लाईन एक आठवडा दिवसा, दुसरा आठवडा रात्री. गणेश चिडवायचा, “भाऊ, लाईन दिवसा जमत नसन तं धम्माले म्हना, सूर्यच रातचा पाठव. खातं त्याच्याच घरचं हाय.”

पंजाबराव खुलून हसायचे.

यंदा सौरपंपाचे अर्ज निघाले. गणेशने कागद जमवले आणि जाण्याआधी पंजाबरावांना विचारलं, “भरू का थांबू?”

“थांब ना बे. दिवसाची लाईन येऊनच राह्यली. दोन दोन कायले पाह्यजे?”

गणेश थांबला. दिल्लीत आपला माणूस असताना तालुक्याला, मोताळ्याला, रांगेत उभं राहणं त्याला पंजाबभाऊंचा अपमान वाटला. मुदत निघून गेली.

पौषात हरभऱ्याला पाणी द्यायला तो रात्रीच्या पाळीवर गेला आणि सकाळी सापडला तो पाण्याच्या दांडात पडलेला. पायावर सापाच्या दातांच्या खुणा होत्या.

तेरवी झाल्यावर त्याची बायको सुचिता साखर न्यायला माझ्या दुकानात आली. पंजाबराव बसलेले होते. ती त्यांच्याकडेच वळली.

“भाऊ, धम्माले फोन करा ना. आता तरी दिवसाची लाईन द्या म्हना. हरभरा सुकून राह्यला. मले रातचं जा लागते, पोरगी एकटीच राहते घरी.”

‘सांगतो’ म्हणून सुटता आलं असतं. मला वाटलं, तेच म्हणतील. पण पंजाबराव उठून उभे राहिले.

“सुचिता, त्याच्या हातात नाही ते. कधीच नव्हतं. त्यानं मले पह्यलेच सांगतलं होतं.”

तिला आधी कळलंच नाही. मग हळूच म्हणाली, “मंग याइले काऊन नाही सांगतलं? कागद जमवून ठेवले होते त्याइनं.”

“आज सांगीन, उद्या सांगीन, असं करत राह्यलो. लोक भाऊ म्हनत होते वं.”

“हे तं तुमाले धम्मा लागाच्या अगुदरपासूनच भाऊ म्हनत होते.”

ती रागावली असती तर पंजाबरावांना सोपं गेलं असतं. तिने साखरेची पिशवी उचलली. ते मागोमाग पायरीपर्यंत गेले. “आजपासून तुह्या वावरातलं पाणी मी पाहीन. तू नको जाऊ.”

“नको, भाऊ.” ती थांबली, पण तिने वळून पाहिलं नाही. “तुमाले काही झालं तं तानाबाईले मी काय सांगू?”

तानाबाई म्हणजे पंजाबरावांची बायको. सुचिता घराकडे निघाली. त्या आठवड्यात लाईन रात्रीचीच होती.