हात एक, पाय पाच

हात ४८, पाय ९६०

"एका हातापायी आपण पाच पाय घालवतोय," साहेब म्हणाले आणि त्यांनी फळ्यावर रेघ मारली.

मागे कोणीतरी फिसकन हसलं. आपण काय बोललो ते साहेबांच्या लक्षात आलं नाही. ते रेघेकडे बघत होते. उभ्या बाजूला हात, आडव्या बाजूला पाय, मधून फूटपट्टीने मारलेली तिरपी, सरळ रेघ.

कृत्रिम हातपाय बनवणाऱ्या त्या कार्यशाळेत कारागीर पाचच. चौघं पाय करायचे, माणशी दिवसाला एक. पाचवा हात करायचा, आठवड्याला एक. त्याला सगळे हातवाले म्हणायचे. सव्वीस वर्षं म्हणत होते.

"एक हात पाच दिवस खातो. तेवढ्यात पाच पाय होतात. वर्षाचे अठ्ठेचाळीस हात बंद केले की दोनशे चाळीस पाय जास्त. एक वस्तू घ्यायची तर दुसरी सोडावी लागते, ती सोडलेली वस्तू हीच खरी किंमत. याला संधी खर्च म्हणतात."

"आणि ज्यांना हात नाहीत त्यांचं काय?" हातवाल्यांनी विचारलं.

"त्यांना चालता येतं, काका."

चालता येतं. हे वाक्य हातवाले घरी घेऊन गेले, जेवताना चावत बसले, आणि सकाळी परत घेऊन आले.

हात ०, पाय २

हात बंद झाल्याची नोटीस लागली आणि हातवाल्यांना पायांवर बसवलं. पाय करताना तापलेला प्लास्टिकचा पत्रा भट्टीतून काढून साच्यावर एका दमात ओढायचा असतो. हातवाल्यांची बोटं तो बोट-बोट दाबत बसायची. पत्रा गार व्हायचा, सुरकुती पडायची.

"काका, पाय आहे तो, नातू नाही. गोंजारू नका, ओढा," जाड्या म्हणाला. जाड्या म्हणजे पायवाल्यांतला सगळ्यात जुना, काडीसारखा हडकुळा.

"तू मला शिकवू नकोस."

"मग कोण, साहेब शिकवणार? मला एकदा हात करायला दिला होतात, आठवतंय? महिना लावला मी. त्या माणसाने घातला आणि म्हणाला, छान आहे, पण हे वळतं कुठून?"

आठवडाभरात हातवाल्यांनी दोन पाय केले.

हात ०, पाय १

त्यातला एक पुढच्या शुक्रवारी परत आला. घालणाऱ्याच्या उरलेल्या नडगीवर फोड आले होते.

रेघेच्या बाहेर

त्याच शुक्रवारी बेकरीतली बाई आली. कणीक मळायच्या यंत्राने तिचा उजवा हात कोपराखाली नेला, त्याला सात महिने झाले होते. तिचा साचा फळीवर तयार होता. नोटीस लागली तेव्हा फक्त पुढचं काम राहिलं होतं.

"ताई, हात बंद झालेत," हातवाले म्हणाले.

"बंद म्हणजे? दुकान आहे का हे?"

"वरून हुकूम आहे."

"तीन वेळा माप घेतलंत तुम्ही. म्हणालात, सूज उतरू दे. उतरली. म्हणालात, जखम भरू दे. भरली. आता काय व्हायचं राहिलंय ते तरी सांगा." ती बसली नाही. "मालक मला पॅकिंगला घेतोय. पिशवी दोन्हीकडून धरता आली पाहिजे, एवढंच म्हणतो. एक तारखेपर्यंत थांबेन म्हणाला, मग दुसरी बाई बघणार. एक तारीख पुढच्या शनिवारी आहे."

 हातवाल्यांच्या पुढ्यात कोणाचा तरी अर्धवट पाय होता, आणि तो वाईट झाला होता.

"तुम्ही करायचे ना हात? मग आता काय करता?"

"पाय."

"बरे होतात?"

"नाही," हातवाले म्हणाले.

फुगवटा

"बाबा, तुमच्या साहेबांची रेघ चुकलीय," मुलगी म्हणाली. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिचं अर्थशास्त्र पसरलेलं होतं.

"तो शिकलेला माणूस आहे."

"मग मी काय गवत उपटतेय?" तिने वहीत उभी-आडवी बाजू आखली आणि मधून बाहेरच्या अंगाला फुगलेली रेघ काढली. "ही बघा. उत्पादन शक्यता वक्र, आहेत त्या माणसांत किती हात आणि किती पाय होतील ते सांगणारी. रेघ सरळ कधी येईल? कोणीही कोणतंही काम सारखंच करत असेल तर. तुम्हाला हातांवरून काढलं, तर पाय किती वाढले?"

"आठवड्याला एक. धड असा एकच."

"मग एका हाताची किंमत पाच पाय कुठे झाली? एक झाली. साहेबांनी जाड्याकाकांचा वेग तुमच्या नावावर लिहिला. माणसं वेगवेगळी असतात म्हणून तर रेघ फुगते."

"म्हणजे सव्वीस वर्षं मी हा फुगवटा होतो."

"मला तर रोजच दिसतो," चुलीजवळून तिची आई म्हणाली.

मुलगी हसली. हातवाले हसले नाहीत. त्यांनी वहीतलं पान मागितलं.

सोमवारी साहेबांनी ते पान नीट, शेवटपर्यंत पाहिलं. हातवाल्यांना राग आला तो याचाच. साहेबांना सगळं कळलं होतं.

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पण वर जो अहवाल जातो त्यात हात आणि पाय वेगळे नसतात, काका. लाभार्थी असतात. हात दिला तरी एक, पाय दिला तरी एक. आणि सवयीने तुमचा वेग वाढेलच."

"चार वर्षांत मी निवृत्त होतोय. पाय शिकायला सहा लागतील. पाय सोपा नाही साहेब, ते चौघं हुशार आहेत."

"भावनेच्या भरात बोलू नका."

"भावना नाही. राग आहे."

हात १, पाय ०

दुपारी त्यांनी फळीवरून बाईचा साचा उतरवला. लपवलं काहीच नाही. भरदिवसा, सगळ्यांसमोर पाच दिवस तेच काम केलं. पत्रा तापवायला नेला तेव्हा जाड्याने आपला पत्रा बाजूला घेतला आणि भट्टी मोकळी करून दिली. पुढे मनगट, टोकाला उघडमीट करणारा आकडा, त्याची केबल पाठीवरून दुसऱ्या खांद्याच्या पट्ट्याला.

शुक्रवारी सकाळी बाईने हात घातला. डावा खांदा पुढे काढला, आकडा उघडला. खांदा सोडला, आकडा मिटला. पर्समधून तिने बेकरीची रिकामी पिशवी काढली. ती घरून घेऊन आली होती. आकड्यात एक कड धरली, डाव्या हाताने दुसरी ओढली. पिशवीने तोंड उघडलं. मग तिने डाव्या हाताने मनगट वळवून पाहिलं.

"वळतो," ती म्हणाली, आणि हात घालूनच बाहेर पडली.

साहेब दारातून हे बघत होते.

"ते सगळं ठीक आहे. पण बाहेर एक रंगारी बसलाय. त्याचं माप तुम्हीच घेतलं होतंत, आजचा पाय तुमच्याकडे होता. त्याला मी काय सांगू?"

हे हातवाल्यांना सोमवारपासून माहीत होतं. मुलीच्या रेघेवरही एका हाताची किंमत शून्य नव्हती. एक होती, आणि ती बाहेर बाकावर बसलेली होती.

"तुम्ही काही सांगू नका," ते म्हणाले. "त्या अठ्ठेचाळीस जणांना तरी कुठे सांगितलंत? नोटीस लावलीत. याला मी सांगतो."

रंगाऱ्याची डाव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून पिनेने लावलेली होती. हातवाले त्याच्या शेजारी बसले.

"तुमचा पाय झाला नाही. मी केला नाही. या आठवड्यात मी एका बाईचा हात केला."

रंगाऱ्याने भिंतीकडे बघितलं.

"येत्या सोमवारपासून काम धरलं होतं मी. खालच्या भिंती तरी उभ्याने मारल्या असत्या."

"हो."

"तुम्ही सोडून दुसरा कोणी करू शकला नसता तिचा हात?"

"नाही."

"आणि माझा पाय?"

"पुढच्या शुक्रवारी, तोवर चौघांचे दिवस भरलेत. जाड्या करेल. माझ्यापेक्षा चांगला करतो."

"आठवड्याच्या सुरुवातीलाच सांगायचं होतं. मी ते काम दुसऱ्याला दिलं असतं. आता काम देणाऱ्याला काय तोंड दाखवू?"

"सांगायला हवं होतं," हातवाले म्हणाले. "चुकलं माझं."

रंगाऱ्याने कुबड्या काखेत घेतल्या. हातवाले दार धरायला उठले.

"राहू दे," तो म्हणाला. त्याने खांद्याने दार ढकललं.

बाहेर पाच पायऱ्या होत्या. तो एकेका पायरीवर थांबत उतरला, अंगण ओलांडून फाटकाकडे निघाला. आतून साहेबांनी दोनदा हाक मारली. रंगारी फाटकाबाहेर जाईपर्यंत हातवाले दारात उभे राहिले.