काळ्या चौकटीतला हलवा

मी एक जुने लेबल आहे आणि, मित्रांनो, माझा तुमच्यावर राग आहे. गोड बोलणे मला जमणार नाही. वस्तू घरी आली की तुम्ही आम्हाला नखाने खरवडता, बरणी कोमट पाण्यात बुडवून तारेच्या घासणीने आमची सालटी काढता, आणि वाचत मात्र कधीच नाही.

माझा जन्म सर्बियात, द्रिना नदीकाठच्या एका लहान गावात, मिलुनच्या छापखान्यात झाला. त्याच यंत्रावर मृत्यूच्या सूचनाही छापल्या जात. आमच्याकडे कुणी गेले की त्याचे नाव काळ्या चौकटीत छापून खांबांवर आणि झाडांवर लावतात. त्या कागदांपुढे लोक पिशव्या खाली ठेवून उभे राहत, चष्मा लावून शेवटच्या जावयाचे नावसुद्धा वाचत. मी त्या कागदांवर मनापासून जळत असे.

माझ्यावर लिहिले होते, ‘तिळाचा हलवा’. खाली तीळ, साखर, वजन, तारीख. त्यात एक अक्षर खोटे नव्हते. मला खोटे पाडले ते दुकानदार रातोमिरने. तो ग्रीसहून माल आणून विकत असे, आणि बाहेरच्या मालावर आमच्या भाषेतले लेबल लावावेच लागे. त्या खेपेला आला शेंगदाण्याचा हलवा. नवी लेबले छापून घ्यायचा त्याला कंटाळा, आणि आमचे भेंडोळे उरलेले.

“हलवा तो हलवा,” तो बायकोला म्हणाला. “लाव हीच. वाचतंय कोण?”

आणि कसे लावायचे ते दाखवायला त्याने स्वतःच मला एका डब्यावरच्या शेंगदाण्यांच्या चित्रावर दाबून बसवले. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो.

लेबले वाचणारी एकच बाई गावात होती, वुकोसावा. तिचा नातू ओग्न्येन याला शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला तरी श्वास कोंडायचा. ती भिंग घेऊन दुकानात यायची, म्हणून सगळे तिची थट्टा करत. तिने माझी ओळ न् ओळ वाचली आणि डबा घेतला. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो.

घरी झाकण उघडले. पोराचा हात डब्याकडे गेला आणि त्याच क्षणी तिला वास आला. तिने असा फटका मारला की डबा जमिनीवर आणि पोरगे भोकाड पसरून रडायला लागले. मग तिने मला सोलले. खाली शेंगदाणे दिसले. मी अंगठ्याला चिकटलेला असतानाच ती तडक दुकानात गेली.

“रातोमिर! हे काय आहे?”

“अगं मावशी, लेबल आहे. अदलाबदल झाली असेल. दुसरा डबा देऊ?”

“किती विकलेस? कुणाला?”

“बाजाराचा दिवस होता. मी काय तोंडं मोजत बसतो?”

“मग दारावर कागद लाव. परत आणा म्हणून लिही.”

“आणि धंदा बसवू? शेंगदाणे खाऊन कुणी मेलंय का?”

तिने मला त्याच्या गल्ल्याच्या काचेवर खाडकन चिकटवले. “हे इथंच राहू दे. काढलंस तर बघ!” ती मिलुनकडे गेली. तासाभराने दुकानासमोरच्या खांबावर काळ्या चौकटीतला कागद लागला. काचेतून मला तो स्पष्ट दिसत होता. ‘अत्यंत दुःखाने कळवण्यात येते की रातोमिरच्या दुकानात तिळाचा म्हणून विकलेला हलवा शेंगदाण्याचा आहे. खाऊ नका. परत आणा.’

“कोण गेलं गं?” एका म्हातारीने लांबूनच विचारले.

“हलवा गेला!”

गाव लोटले. डबे परत येऊ लागले. रातोमिर लालबुंद होऊन रस्त्यात आला. “मी जिवंत आहे, आणि माझं नाव काळ्या चौकटीत?”

“जिवंत आहेस म्हणूनच मावशीकडून छपाईचे पैसे घेतले बाबा,” मिलुन म्हणाला. “मेलास की फुकट छापीन.”

लोक हसत होते. मला हसू येत नव्हते. इतकी वर्षे आम्ही लेबले खरे सांगत होतो तेव्हा ही माणसे कुठे होती? एकजात सगळ्यांवर मी दात खात होतो.

तिसऱ्या दिवशी बातमी ऐकून डोंगरावरच्या वस्तीतून स्तोयका आली. म्हातारी धापा टाकत होती. तिने पदराच्या गाठीसारखी घट्ट बांधलेली रुमालाची पुरचुंडी सोडली. आत डबा होता, न उघडलेला.

“नातीच्या वाढदिवसाला ठेवला होता रे,” ती रातोमिरला म्हणाली. “शेंगदाण्यानं तिचा घसा सुजतो. शेजारच्या मुलाकडून मी तुझी सगळी लेबलं वाचून घेतली होती. दुसरं काही घेतलं नाही. यावर तीळ लिहिलं होतं, म्हणूनच तर हे घेतलं.”

रातोमिरने मान खाली घातली.

मला वाटायचे, आम्हाला कुणी वाचत नाही. पण डोंगरावरच्या एका म्हातारीने माझ्याच भेंडोळ्यातले एक भावंड वाचून घेतले होते आणि आमच्यावर विश्वास ठेवला होता. त्या विश्वासाने तिने आपल्या नातीला आमच्याच हाताने मारले असते. मित्रांनो, आम्हाला खरवडा, भिजवा, वाचू नका, ते मी सोसेन. पण उद्या तुमच्यापैकी कुणी दुकान काढेल, कारखाना काढेल. तेव्हा आमच्या तोंडी खोटे घालू नका. कुणीतरी वाचत असते, आणि त्याला आमच्याशिवाय दुसरे कुणी सांगणारे नसते.