पिलोतोची रवानगी

पिलोतो बोक्याने तोंडातला पक्षी वहिनीच्या पायाशी ठेवला आणि शाबासकीसाठी तिच्याकडे बघत बसला. मादी होती. पाठ हिरवी, पोट पांढरं. माशाचे काटे उचलावेत तशी वहिनीने ती उचलून ओट्यावर ठेवली.

"मेली?" मी विचारलं.

"हो," म्हणाली आणि पुन्हा बटाटे सोलायला लागली.

माझा भाऊ ओक्तावियो शेवंडीचे पिंजरे उचलायला गेला, त्याची नुसती होडी परत आली. मी घसा बसेपर्यंत रडले. वहिनीने टिपूस काढलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "ते समुद्रावर आहेत." तिच्या त्या थंडपणाचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात जंगलखात्यातला रेनान आला, माझ्या मावसबहिणीचा मुलगा. ओट्यावरचा पक्षी त्याने तळहातावर घेतला.

"मामी, सगळ्या जगात हा पक्षी फक्त आपल्या बेटावर. पलीकडच्या बेटावरचे कधीच संपले. इथेही हजारभर असतील-नसतील. वर रानात काटेरी जाळ्या माजल्यात, मध प्यायला फुलं मिळत नाहीत, म्हणून गावात येतात."

"येतात कसले, आपणच बोलावतो," मी म्हटलं.

आमच्यात स्वयंपाकघराच्या दाराशी रानकोबीचं झाड लावतात, या पक्ष्यासाठीच. नारिंगी फुलांचे घोस हाताला लागतील इतके खाली लोंबतात. होडीच्या खोपीत उंदीर, म्हणून मांजरंही घरोघर. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि दारात कसाई बसवायचा, असली आमची माया.

"मांजर कोंडून बघितलं," वहिनी म्हणाली. "खिडकीतून पळतं."

"मग झाड तोड."

"झाड त्यांनी लावलंय, वन्सं."

"मग मांजर पाठव जहाजावरून. वाल्पाराइसोला माझी लेक सांभाळेल."

"तेही त्यांनीच आणलंय."

"अगं, तो विचारायला येणार आहे का आता?"

वहिनी बटाटे सोलत राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली.

संध्याकाळी त्याच फुलांवर नर आला, तांबडाभडक. झाडाखाली पिलोतो दबा धरून बसला. वहिनी खिडकीतून बघत होती. मग बाहेर गेली, त्याला काखोटीला मारून आत आली आणि म्हणाली, "जहाज कधी आहे?"

जहाज लागलं त्या दिवशी आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. मांजर फळ्यांच्या खोक्यात ओरडत होतं.

"मांजर कोणाचं?" खलाशाने विचारलं.

"माझ्या नवऱ्याचं."

"त्यांना विचारलंय ना, बाई? मागाहून माझ्या नावाने बोंब नको."

"ते बुडाले," वहिनी म्हणाली. आवाज नेहमीचाच, बटाट्याचा भाव सांगावा तसा. "नीट ने त्याला."

खलाशाने हात पुढे केले, खोकं धरलं, ओढलं. वहिनीने ते दिलं होतं, पण तिची बोटं फळीवरून सुटेनात. मी ती एकेक करून सोडवली.