आधी भिंती

गाव तापवायच्या नव्या योजनेवरच्या सभेत कुल्याश बाजूने उभी राहिली नसती, तर इमारतीतल्या निम्म्या लोकांनी हात वर केलेच नसते. किझिलतास गावात बर्फ सकाळी पांढरा पडतो आणि संध्याकाळपर्यंत काळा होतो. गावाला ऊब देणाऱ्या कोळशाच्या बॉयलरघरात तिच्या नवऱ्याची हयात गेली, आणि शेवटची वर्षं गेली खोकण्यात. म्हणून धाकटा भाऊ बेर्दिबेक नवी योजना घेऊन आला, तेव्हा तिने ती आपलीच मानली. बंद खाणीत साठलेलं कोमट पाणी, पवनचक्क्यांची वीज आणि त्या विजेवर पाण्यातली ऊब खेचून घरोघरी पोचवणारे मोठे हीट पंप. फक्त हे पाणी बॉयलरसारखं कढत येणार नव्हतं. म्हणून जुन्या इमारतींच्या भिंतींना बाहेरून जाड थर चढवायचा, खिडक्या बदलायच्या आणि मगच कोळसा बंद करायचा, असं ठरलं होतं.

बेर्दिबेक योजनेचा मुख्य इंजिनियर. तिच्याच स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला होता, "आधी भिंती, आपा. त्याशिवाय मी बॉयलरला हात लावू देणार नाही."

कुल्याशने दारोदार जाऊन तेच सांगितलं.

झालं ते आधी कळस, मग पाया. भिंतींवर हातभर जागेतही थर चढला नव्हता आणि नगराध्यक्षाला डिसेंबरच्या सणाआधी फीत कापायची होती. फीत कापली, बॉयलर विझले, टाळ्या झाल्या. आठवड्याभरात पारा उणे तीसवर गेला. रेडिएटरला हात लावला तर आजारी माणसाच्या कपाळाएवढा कोमट. लोक कोट घालून झोपू लागले. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या झिनाईदा पावलोव्नाला छातीत कफ भरला म्हणून इस्पितळात न्यावं लागलं.

जिन्यात शेजारचा त्योलेगेन वाटच बघत होता. "या, स्वच्छ हवेच्या राणीसाहेब. हवा इतकी स्वच्छ झालीय की घरात आहोत का बाहेर, कळतच नाही."

कुल्याश त्याला वळसा घालून जिना उतरली. ती तडक नगरभवनात गेली. आत शिरताच तिला कोट काढावा लागला. कारकून सदऱ्यावर बसले होते आणि एका बाईने तर खिडकी किलकिली केली होती. कुल्याशने रेडिएटरवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

बेर्दिबेक नगराध्यक्षाच्याच खोलीत, त्याच्या समोर बसला होता.

"हे कशावर चालतं?" तिने विचारलं.

तो टेबलाकडे बघत म्हणाला, "एक लहान बॉयलर ठेवलाय. इथे पाहुणे येतात, आपा."

"कोळशाचा?"

त्याने टेबलावरचे कागद सारखे केले.

"आणि बाकीचे बंद करायला तू सही दिलीस."

"मी दिली नसती तर दुसऱ्याने दिली असती."

"मग देऊ द्यायची होती त्याला. त्याच्या शब्दावर मी लोकांची दारं ठोठावली नव्हती."

नगराध्यक्ष गोड हसला. "आपा, बदल म्हटला की थोडी कळ सोसावी लागते. एखादा स्वेटर जास्त घाला."

कुल्याशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र चढला नाही. "तुम्ही उंटावर बसून शेळ्या हाकताय. बसा. शेळ्या इथेच आणते."

दुपारपर्यंत अख्खी इमारत नगरभवनात आली. गाद्या, रजया, चहाचे सामोवार, बाउरसाकांची म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची पातेली. म्हातारी माणसं रेडिएटरना पाठ लावून बसली. पोलीस आले, आणि त्यातल्या एकाची आजीच पहिल्या गादीवर दिसल्यावर दाराशी घुटमळत राहिले. त्योलेगेन खुर्चीवर चढून "कोळसा परत आणा" म्हणून ओरडायला लागला.

"खाली उतर," कुल्याश म्हणाली. "माझ्या नवऱ्याने कोळसा खाल्ला आणि कोळशाने त्याला. जे कबूल केलं तेच मागायला आलोय आपण. तुला धूर हवा असेल तर घरी जाऊन सिगारेट ओढ."

तो उतरला. लोक मात्र हलले नाहीत, आणि नगराध्यक्षाला आपल्या खुर्चीपर्यंत पोचायला गाद्या ओलांडाव्या लागत होत्या. शेवटी तो नमला. थंडी सरेपर्यंत मोठे बॉयलर पुन्हा पेटवायचे, उन्हाळ्यात भिंती करायच्या आणि नगरभवन आजच कोमट पाण्यावर घालायचं. शेवटची अट कुल्याशची होती. दुसऱ्या दिवशी कारकून टोप्या घालून लिहीत होते.

पण बॉयलर पेटले आणि तो धूर पुन्हा गावावर बसला, तेव्हा लोक आनंदले आणि कुल्याश एकटी खिडकीशी दात ओठ खात उभी राहिली. हा हिवाळा धुराविना गेला असता. एका माणसाला फीत कापायची घाई नसती तर. झिनाईदा पावलोव्ना इस्पितळातून परत आली नाही.

उन्हाळ्यात भिंती झाल्या, खिडक्याही झाल्या. पुढच्या थंडीत बॉयलरघर खरंच बंद झालं आणि तेच कोमट पाणी पुरून उरलं. त्योलेगेन घरात बनियनवर हिंडू लागला आणि ही सगळी आपलीच कल्पना होती, असं सांगू लागला.

बेर्दिबेक एका रविवारी दारात आला. घोड्याच्या मांसाचं घरी भरलेलं सॉसेज, काझी, आणलं होतं.

"घर तापतंय ना, आपा?"

"तापतंय. तळमजल्यावरचंही तापतंय, रिकामं."

त्याने मान खाली घातली. दारी आलेल्याला परत पाठवायची रीत नव्हती, म्हणून तिने त्याला आत घेतलं आणि चहा ठेवला. तो माफीचं काहीतरी जुळवत राहिला. तिने ऐकून घेतलं आणि कप त्याच्यापुढे सरकवला. राग होता तिथेच होता.