पडद्याचा फ्रॉक

मुंगीने फ्रॉकचा घेर दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"सोड गं बाळा," मोठ्या बाई म्हणाल्या. हा सगळा निवारा त्याच सांभाळायच्या. "अंगभर खरूज झालीय. औषध लावायचं आणि वर हेच कपडे चढवायचे, म्हणजे औषध मातीतच की."

मुंगीने मान हलवली. भूकंपानंतर इथे आल्यापासून ती भिंतीच्या कडेकडेने चालायची, म्हणून बाकीच्या मुलांनीच तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. खरं नाव विचारलं की ती म्हणायची, आईला विचारा. आणि आई कुठे आहे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यात शिवणाच्या मशीनवर बसलेल्या मावशींनी पाय थांबवला. मदत म्हणून आलेला एकूण एक कपडा त्यांच्या हाताखालून जायचा. कुणाची बाही आखूड कर, कुणाला बटण लाव, कुणाच्या कमरेला नाडी घाल. कोण कुठली माणसं, कधी न पाहिलेल्या पोरांसाठी घरातलं काढून पाठवत होती. मलमं येत होती, दुधाची पावडर येत होती, चपला येत होत्या. एका गाठोड्यातून तर खिडक्यांचे पडदेच निघाले होते.

"पडदे!" मोठ्या बाईंनी तेव्हा कपाळाला हात लावला होता. "घरं पडली पोरांची. आता हे लावायचे कशाला, आभाळाला?"

मावशी उठल्या आणि मुंगीसमोर उकिडव्या बसल्या. हातात गुलाबी झालरीचा, कोराकरकरीत फ्रॉक होता.

"हा नको?"

"नको."

"टोचतो का?"

"नाही. छान आहे."

"मग घोडं कुठे अडलंय?"

मुंगीने आधी बाईंकडे पाहिलं. मग मावशींच्या कानाशी तोंड नेलं.

"आई मला शोधत येईल. आणि मी गुलाबी दिसले तर ती पुढेच निघून जाईल."

मावशींनी गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मुंगीच्या अंगावरच्या चिंध्यांचा मूळ रंग पिवळा असावा. पोटाशी एकच खिसा होता, निळा, जरासा तिरका बसलेला. लावणाऱ्या हाताला घाई असावी, किंवा कडेवर पोर.

"बाई," त्या वळून म्हणाल्या, "ते पडदे कुठे ठेवलेत?"

औषध लावून, चादरीत गुंडाळून मुंगीला मशीनशेजारी बसवलं. मावशींनी जुना फ्रॉक वर्तमानपत्रावर पसरला आणि खडूने भोवती रेघ ओढली. पिवळा पडदा कापला. निळ्या खिशासाठी उशीचा अभ्रा सापडला. तो त्यांनी अगदी सरळ टाचला, लांबून पाहिला, टाचण्या काढल्या आणि तिरका लावला. मशीन चालू लागलं तशी मुंगीची मान त्याच्या ठेक्यावर हलू लागली. मावशींच्या मनात एकच होतं: हिच्या आईने दुरून पाहावं, आणि पाऊल थबकावं. हा गळा तसाच, ही बाही तशीच, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

शिवून झालं. मुंगीने फ्रॉक घातला, गिरकी घेतली. खिशात हात घालून पाहिला, आणि तिथेच ठेवला.

"ओळखू येते का गं मी?"

"लाखांत," मावशी म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी जुना फ्रॉक काठीवर उचलला. या वेळी मुंगीचं तिकडे लक्षच नव्हतं. वाकून नव्या फ्रॉकची खालची कड उलटून बोटांनी चाचपत होती.

"मावशी, आत दुमडलेलं नाही?"

मावशींचा चेहरा उतरला. उभा जन्म पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्यात गेला, आणि हा तेवढा अंगाबरोबर शिवला होता.

"आई ठेवते," मुंगी म्हणाली. "मी उंच झाले की उसवते."

"अगं, उसवायची वेळ कशाला येईल?" बाई घाईघाईने म्हणाल्या. "त्याच्या आधीच येईल तुझी आई."

"येईल ना." मुंगीने बाईंची समजूत काढावी तसं म्हटलं. "पण मला ओळखायला हाच लागेल. तोवर मी उंच झाले तर?"

बाईंनी काठी खाली ठेवून चादर पुढे केली. मावशींनी मुंगीला पुन्हा चादरीत गुंडाळलं, फ्रॉकची कड उसवली आणि उरलेला पडदा मांडीवर ओढला. सुईत दोरा ओवला.

"किती ठेवू?" त्यांनी विचारलं.

मुंगीने दोन बोटं आडवी धरली. त्यांच्याकडे बघत जरा विचार केला. मग हात उघडला, आणि अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आपली इवलीशी वीत ताणता येईल तेवढी ताणली.